कपाळावरचा गेरू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, होस्टेलच्या खोलीत माझ्या शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या सानियाला नाही, आणि ज्या दोन माणसांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. लिहायला बसले तरी हात आधी दुसरंच काहीतरी लिहायला लागतो—गाव कसं होतं, थंडी किती होती. म्हणून एक वाक्य आधीच लिहून टाकते. एका कुत्र्याच्या पिल्लाबद्दल मी खोटं बोलले.

तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही बरेच दिवस स्वतःला तेच म्हणत होते. पिल्लूच तर होतं. आमच्या भागात कुत्री सहा-सहा पिल्लं देते, त्यातली दोन जगली तर खूप झालं, आणि उरलेली कुठे गेली हे कुणी विचारत नाही. पण मग बस थांबते, खिडकीतून रस्त्याच्या कडेला पोट फुगलेलं, पाय काडीसारखे झालेलं एखादं पिल्लू दिसतं, आणि मी मान फिरवते. सव्वा वर्ष झालं, मी मान फिरवते आहे. एवढंच असतं तर मान फिरवावी लागली असती का?

नीट सांगते. निदान प्रयत्न करते.

मी बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत कामाला आहेत, आई मजुरीला जाते. हे मोठेपणासाठी सांगत नाही, गरिबीसाठी तर अजिबात नाही. जे झालं त्यात याचा हात आहे म्हणून सांगते.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा जानेवारीत कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर होतं. सरांनी वर्गात गावाचं नाव वाचलं—पोंभुर्ण्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून जंगलात वळलेलं एक गाव. ते माझ्या आत्याचं गाव. मागच्या बाकावरची मुलं हसत होती, "तिथे नेटवर्क तरी असतं का रे?" मी तेव्हाच हात वर करून म्हणायला हवं होतं, सर, तिथे माझी आत्या राहते. म्हणाले नाही. नुसतं वहीत गावाचं नाव लिहून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

सगुणाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबा गेल्यापासून एकटीच असते. पावसाळ्यात धानाची रोवणी, थंडीत कापूस वेचणं, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, असं तिचं वर्ष चालतं. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली होती. म्हणून मी झाले तेव्हा आत्याने मला सुपात घातलं, उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं आणि कुणाची तरी टाकलेली पोर सापडली असं दाखवत परत उचलून आणलं. टाकलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही म्हणतात. नावही तिनेच ठेवलं. उकंडी. शाळेत प्रणाली झालं, मग सगळे प्रणालीच म्हणू लागले. आत्या सोडून. आत्या अजूनही उकंडीच म्हणते, आणि तेही बांधावरून हाक मारावी अशा आवाजात.

कॉलेजात मी घरच्यांबद्दल खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त अर्धं सांगायचे. अर्धं सांगायची सवय एकदा लागली की उरलेलं अर्धं किती जड होतं—हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

शिबिराचे पहिले सहा दिवस आत्या गावात नव्हतीच. गोंडपिपरीकडे कापूस वेचायला गेली होती. तिच्या दाराला कडी दिसली तेव्हा मला हायसं वाटलं. हेही लिहितेच.

शेवटचे दोन दिवस गावातल्या कुत्र्यांना जंताचं औषध द्यायचं होतं. त्यासाठी कोवेभाऊ आले. ते जनावरांच्या दवाखान्यातले मदतनीस, पण गावात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. मोटरसायकलला दोन्हीकडे पिशव्या, खिशात वही. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला शाळेच्या ओट्यावर बसवून सगळं शिकवलं. मोठ्या कुत्र्याला गोळी, भाताच्या गोळ्यात लपवून. लहान पिल्लाला पातळ औषध, बिनसुईच्या पिचकारीने, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू, ठसका लागू द्यायचा नाही. अंदाजाने काही द्यायचं नाही, आधी वजन. वजनासाठी ओढणीची झोळी करायची, झोळीत पिल्लू, झोळी काट्याच्या आकड्याला.

"अन् वजनाच्याई आधी," ते म्हणाले, "ओठ वर करून हिरड्या पाह्याच्या. गुलाबी असन तर पुढं चाला. पांढऱ्या असन तर हात नाई लावाचा, पहिले मले बोलवाचं. जंतानं रक्त पेल्लं असते. निस्त्या औषधानं त्याचं भागत नाई."

आणि औषध दिलं की कपाळावर गेरूचं बोट. त्यांची ही पद्धत होती. एकाच कुत्र्याला दोनदा औषध जाऊ नये म्हणून. कपाळावर गेरू म्हणजे काम झालं.

दुपारपर्यंत गावात टिळा लावलेली कुत्री फिरू लागली. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "काऊन डॉक्टर, कुत्र्याईचं लगन लावून राह्यले का? हळद कवा हाय?"

"पहिले नवरदेवाचं पोट तं साफ होऊ द्या आबाजी," कोवेभाऊ म्हणाले. "नाई तं मांडवातच घोटाळा होईन."

सगळे हसले. मीही हसले. किती सोपं होतं ते सगळं.

त्या गावात कुत्रं कशासाठी असतं, ते इथेच सांगायला हवं. घर राखायला तर असतंच. पण मोहाच्या दिवसांत बाया उजाडायच्या आत जंगलात जातात. मोह वेचणारी बाई तासन्‌तास खाली वाकलेली असते, नजर जमिनीवर. मागून काय येतं आहे ते तिला दिसत नाही. आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं तिथले लोक म्हणतात. सोबत कुत्रं असलं की ते आधी भुंकतं. तेवढाच वेळ मिळतो—उभं राहायला, ओरडायला. आत्याचा जुना कुत्रा भुऱ्या, त्याला पावसाळ्यात बिबट्याने अंगणातूनच उचललं होतं. म्हणून तिने कुणाकडून तरी एक पिल्लू आणलं होतं. तांबूस, दोन महिन्यांचं. बाबू. मोह पडायला लागेपर्यंत सोबत चालायला लागला, भुंकायला लागला, तरी पुरे होतं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या गल्लीत आलो. सानिया आणि मी जोडीला होतो. काटा आणि ओढणी तिच्याकडे, औषध, पिचकारी आणि गेरूची डबी माझ्याकडे. आत्याचं दार उघडं दिसलं. सकाळीच पिल्लाला घेऊन परतली असणार.

मी सानियाला म्हटलं, तू पुढच्या घरी जा. या बाईचं कुत्रं चावरं आहे म्हणे, मी एकटीच बघते.

सानियाने मला कधी काय केलं होतं? काहीच नाही. तिचे अब्बा चंद्रपुरात शिलाईचं दुकान चालवतात, तिच्या घरी मी ईदला पोटभर जेवलेली आहे. ती हसली असती असंही मला वाटत नाही. मग मी लाजले कशाला? त्या कुडाच्या घराला? आत्याच्या फाटक्या लुगड्याला? त्या नावाला? मी खूपदा विचार केला. उत्तर प्रत्येक वेळी तेच येतं, आणि प्रत्येक वेळी तितकंच लहान असतं.

मी कुडाच्या आत पाऊल टाकलं न टाकलं तोच—"अवं माय! उकंडी! तू काऊन इथी?"

"आत्या, हळू बोल ना."

"हळू काऊन? मी काय चोरी करून राह्यलो?" आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया असंच बोलतात, बाप्यासारखं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. कापूस वेचून तिची बोटं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली होती. "कालेजातल्या पोरी आल्या म्हन्ते, त्यातली तू होय? कितीक जणी हाय? बोलाव साऱ्याईले, चहा मांडतो."

मला तेच नको होतं. मी म्हटलं, आत्या, वेळ नाही, डॉक्टर थांबलेत, पिल्लाला औषध देते आणि निघते. ती तरीही आत चहा ठेवायला गेली. निदान तू तरी घे म्हणाली.

पिल्लू कोपऱ्यात पोत्यावर पडलं होतं.

मी त्याला औषध दिलं नाही.

वजन करायचं तर काटा हवा होता, काटा सानियाकडे, सानियाला बोलवायचं तर आत्या बाहेर येणार, तिच्यासमोर मला उकंडी म्हणणार, हात धरून बसवणार, चहा पाजणार. म्हणून मी पिचकारीत औषध ओढलं आणि आत्या चुलीशी असताना रांजणाच्या बुडाशी ओल्या मातीत सोडून दिलं. बाटलीतलं औषध वहीशी जुळायला हवं ना! इतकं मला सुचलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. मग डबीत बोट बुडवलं आणि पिल्लाच्या कपाळावर गेरू लावला. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, शेपूट एकदाच हलवलं. मी चहा न घेता निघाले. आत्या मागून ओरडली, "एक घोट तं घे वं!" मी वळले नाही. सानिया समोरच्या दारात उभी होती. तिने विचारलं, चावलं नाही ना?

शिबिर संपल्यावर चौथ्या दिवशी बाबू मेला.

आत्याने वडिलांना फोन केला तेव्हा रविवार असल्याने मी घरीच होते. फोन मोठ्या आवाजावर होता. "उकंडीचा काई दोष नाई," हे तिचं पहिलंच वाक्य. "पोरगी शिकेल हाय, तिनं बराबरच देलं असन. त्या डॉक्टरनंच औषध कडक आणलं. दोन महिन्याचं लेकरू ते, त्याले कसं पचन?"

मी तिथेच होते. हाताच्या अंतरावर.

आता तुम्हाला कळलं असेल मी कशाबद्दल बोलते आहे. जे औषध त्याच्या तोंडात गेलंच नाही, त्या औषधाने तो मेला असं ठरलं. आणि ते तसं नाही हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. कपाळावर तर गेरू होता. साऱ्या गल्लीने पाहिला होता.

आठवड्याने कोवेभाऊ कॉलेजात आले. कुणी त्यांना जाब विचारायला पाठवलं नव्हतं, स्वतःच आले होते. पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसले, खिशातून वही काढली.

"ताई, रागावू नोका. मले फक्त समजून घ्याचं हाय. वजन केल्तं?"

"हो भाऊ. दीड किलो."

"औषध किती देल्लं?"

मी दीड किलोला जेवढं बसतं तेवढं सांगितलं. हिशोब अगदी बरोबर सांगितला. परीक्षेत सांगावा तसा.

"अन् हिरड्या?"

"गुलाबी होत्या."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "मंग माह्याच औषधात काई असन. बाटलीच खराब असन. नाई तं असं कसं होईन बाप्पा?" आणि वर मलाच म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

हिरड्या गुलाबी नव्हत्या.

हे वाक्य मी तीन दिवस टाळते आहे. मी ओठ वर करून पाहिलं होतं. सवयीने—दोन दिवस तेच तर करत होते. त्या पांढऱ्या होत्या. भिजवलेल्या पोह्यासारख्या, रक्ताचा लवलेशही नसलेल्या. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी ओठ सोडून दिला. कोवेभाऊ शाळेजवळ होते. हाकेच्या अंतरावर नसतील, पण दोन मिनिटांच्या वाटेवर नक्कीच. ते आले असते तर बाबू वाचला असता का? मला माहीत नाही. कदाचित तेव्हाच उशीर झाला होता. कदाचित—हे वाक्य मी का लिहिते आहे तेही मला कळतं. पुसत नाही, राहू द्या.

आणि काटा. मी वर लिहिलं ना, की काटा सानियाकडे होता म्हणून? आत्याच्या घरी आढ्याला काटा टांगलेला होता. व्यापारी मोह मोजताना वजनात लुबाडतो म्हणून तिने स्वतःचा आणून ठेवला आहे. पिल्लाच्या पोत्याच्या बरोबर वर. मी आत गेले तेव्हा माझं डोकं त्याला लागलं होतं. 

त्यानंतर गावात कोवेभाऊंची मोटरसायकल आली की बाया कुत्री आत घ्यायच्या. कुणी त्यांना बोललं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त पूर्वी ज्या दारात पाण्याचा तांब्या यायचा, तिथे येईना. आत्याच्या शेजारणीने तर शाळेत मुलांना देतात ती जंताची गोळीही आपल्या पोराला खाऊ दिली नाही. तिने मला स्वतः सांगितलं, अभिमानाने. तो पोरगा अंगणात अनवाणी खेळत होता, कुत्र्यांच्या सोबत. अनवाणी पायांतून काय आत शिरतं ते मी त्याच आठवड्यात आकृती काढून शिकले होते. आकृतीला सरांनी चांगला शेरा दिला.

मोहाचा हंगाम आला. आत्या कुत्र्याशिवाय गेली. तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी घेऊन. चार फुलं वेचायची, डबा बडवायचा, पुन्हा चार फुलं. वेचणं निम्मं झालं, पण जाणं तिने सोडलं नाही. कसं सोडेल? मी रोज सकाळी दहाला तिला फोन करायचे. तासिका चालू असली तरी बाहेर येऊन. काय करते आहेस, जेवलीस का, असं काहीतरी विचारायचे. कधी ती उशिरा उचलायची, आणि मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचे. "आमची उकंडी भलतीच मायेची," ती शेजारणींना सांगायची. "रोज फोन करते."

पावसाळ्यात गोंडपिपरीच्या बसस्टँडवर कोवेभाऊ भेटले. वाळलेले दिसले. माझ्यासाठी भजी घेतली, नको म्हटलं तरी. बोलता बोलता म्हणाले, "तवापासून लहान पिल्लाले मी अर्धंच देऊन राह्यलो, ताई. माह्याच्यानं पूर्ण देनं होत नाई. हातच थांबते." मग जरा हसून, "चुकते ना हे? अर्ध्यानं जंत मरत नाई. समजते मले. पण हात थांबते."

भजी गरम होती. मी ती हातात धरून बसले. बस आली. मी चढले.

तुम्ही विचाराल, तेव्हा का नाही बोललीस? जवळपास कुणी नव्हतं. ते रागावलेही नसते कदाचित. गर्दी होती, बस सुटत होती—नाही. गर्दी नव्हती.

मागच्या डिसेंबरात आत्याने दुसरं पिल्लू आणलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका. मी भेटायला गेले तर म्हणाली, याला मी काही होऊ देत नाही. सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवलं होतं तिने त्याला, चांगलं तासभर, आणि मग उचलून आणलं होतं. नाव उकंड्या. "तू वाचली ना? मंग हा बी वाचन," ती म्हणाली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहून हसली.

उकंडा. गावभरची कुत्री जिथे घाण करतात ती जागा. जंताची अंडी तिथल्यासारखी दुसरीकडे कुठे असतील? त्याचं पोट डुगडुगत होतं. मी म्हटलं, "आत्या, औषध दे याला. खरंच दे. मी आणते."

तिचा चेहरा बदलला. रागाने नाही. ती मला दुखवायला नको म्हणून शब्द शोधत होती. "मागच्या टायमाले तूच देल्लं होतं ना वं माय," ती शेवटी म्हणाली. "तुह्या हातानं देल्लं, तरी गेला. आता नोको."

यावर एकच उत्तर होतं. तुम्हाला माहीत आहे ते. ते उत्तर माझ्या तोंडात आलं, खरंच आलं होतं—आणि मी म्हटलं, बरं, राहू दे.

पुढच्या आठवड्यात मी चंद्रपूरहून औषध घेऊन गेले. आत्या हातपंपावर गेलेली असताना आढ्याचा काटा काढला, ओढणीची झोळी केली, वजन केलं. हिरड्या पाहिल्या. फिकट होत्या, पण गुलाबी. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू औषध सोडलं. ठसका लागला नाही. माझ्या कुर्त्यावर थोडं सांडलं, तेवढं पुन्हा मोजून दिलं. पंधरा दिवसांनी परत गेले, परत तसंच. गेरू लावला नाही. चोरासारखी गेले, चोरासारखी आले. परतताना बसमध्ये पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मी मनाशी म्हणत होते, फिटलं.

उकंड्या तरारला. त्याच्या पोटातून दोऱ्यासारखे जंत पडले ते आत्याने पाहिले. उकंड्याच्या त्या जागेनेच खेचून काढले, असं तिने गावाला सांगितलं. आणि सोबत हेही सांगितलं—पाहा, याला गोळी नाही, औषध नाही, म्हणून जगला. बाया ऐकत होत्या. माना डोलावत होत्या. ज्यांच्या मनात थोडी शंका होती, तीही गेली.

मार्चच्या शेवटी मोह पडायला लागला तेव्हा मी दोन दिवस आत्याकडे होते. अंगणात फुलं वाळत घातलेली, सगळीकडे तो गोड वास. कोवेभाऊ रस्त्याने चालले होते. आत्यानेच त्यांना हाक मारली. पाणी दिलं, आणि मग जरा टोमण्यानेच म्हणाली, "पाहा डॉक्टर, याले तुमचं काईच नाई देल्लं. कसा घोड्यावानी झाला!"

कोवेभाऊ खाली बसले. उकंड्याला जवळ घेतलं आणि सवयीने त्याचा ओठ वर केला. हिरड्या छान गुलाबी होत्या. ते पाहतच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही या विषयात शिकून राह्यल्या. तुम्हीच सांगा. पुढच्या महिन्यात सात गावं हाय माह्याकडं. लहान पिल्लाले अर्धं बी देऊ नोको का मंग? सोडूनच देऊ?"

आत्या बाजूला उभी होती. दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होती. ज्यांना सांगायला हवं ती दोन्ही माणसं, एकाच अंगणात, आणि तिसरं कुणीही नाही.

मी म्हटलं, "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, भाऊ."

त्यांनी मान हलवली. वही काढली, काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आत्या मोहाला निघाली. डबा घरीच ठेवला होता. उकंड्या तिच्या पुढे पुढे धावत होता, थांबत होता, वळून पाहत होता. मी दारात उभी होते. त्याचं कपाळ काळंभोर आणि कोरं होतं.